नऊशे दोन नंबरचा दस्ता

माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक दिसायला अगदी लहान होती. मी एक आकडा चुकीचा वाचला. तीन अंकी आकडा, आणि त्यातला एकच अंक. एवढ्यावरून मी एका सरळ माणसाला चौदा दिवस चोर ठरवून ठेवलं. ती घटना आठवली की आजही माझे कान गरम होतात. घरात कोणी विषय काढला तर मी बागेतल्या लिंबाला पाणी घालायला निघून जातो. त्या लिंबाला आता पाणी जास्त झालं आहे.

मी पुण्याहून मेकॅनिकल इंजिनियर म्हणून ऑकलंडला आलो. वर्षभर अर्ज केले, नोकरी मिळेना, म्हणून पोलीस भरतीचा फॉर्म भरला आणि दक्षिण ऑकलंडच्या एका स्टेशनातून सार्जंट म्हणून निवृत्त झालो. ही केस निवृत्तीच्या आदल्या वर्षाची. नावं कोणाचीच सांगत नाही. माझं तर मुळीच नाही.

सोमवारी सकाळी आमच्या स्टेशनात कामाची वाटणी होते. शनिवार-रविवारी चोरीला गेलेल्या गाड्या, फोडलेल्या डेअऱ्या, दारू पिऊन झालेली भांडणं अशी फळ्यावर यादी असते. इथे कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात; पहिल्या वर्षी मी तिथे जाऊन खवा मागितला होता. त्या दिवशी वाटणी संपत आली असताना फोन आला. बोलणारा माणूस जुन्या लष्करी रायफलींची किंमत ठरवणारा व्हॅल्युअर होता.

"एका रायफलीचा लाकडी दस्ता बदललाय," तो म्हणाला.

"तुटला असेल, बदलला असेल," मी म्हणालो.

पलीकडे शांतता पसरली. मी त्याच्या आईबद्दल काही बोललो असावं, अशी शांतता. मग त्याने मला लहान मुलाला समजावतात तसं समजावलं. मला बंदूक चालवता येत होती, पण बंदूक म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

जुन्या रायफलीची किंमत ती गोळी कशी मारते यावर ठरत नाही. बोल्टवरचा नंबर आणि नळीजवळचा नंबर एकच हवा. स्क्रूच्या खाचा खरवडलेल्या नकोत. लाकडाच्या कडा धारदार हव्यात, कोणी पॉलिश पेपर मारून गोल केलेल्या नकोत. आणि मुख्य म्हणजे लाकूड मूळचंच हवं. ही रायफल पहिल्या महायुद्धाच्या काळातली होती, इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या एका संस्थानाच्या फौजेला दिलेली. तशा रायफली जगात पुष्कळ आहेत. पण हिच्यासोबत कागद होता. संस्थानाच्या शस्त्रागारातलं इंग्रजीत टाइप केलेलं पत्र, त्यात नळीचा नंबर आणि दस्त्यावरच्या पितळी चकतीचा नंबर. दोन्ही जुळले तर ती म्युझियमच्या काचेत जाऊन बसणार. न जुळले तर एखाद्या पबमध्ये शेकोटीच्या वर टांगायला बरी.

"नळीचा नंबर जुळतो," व्हॅल्युअर म्हणाला. "पत्रात चकतीचा नंबर आहे वन-ओ-टू. चकतीवर आहे नाइन-ओ-टू. कोणीतरी खरा दस्ता काढून घेऊन दुसरा बसवलाय."

रायफलीचे मालक एक म्हातारे गृहस्थ. पुकेकोहेच्या पुढे, कांद्याच्या शेतांच्या कडेला एकटेच राहायचे. चाळीस वर्षं रायफली जमवल्या, आता वृद्धांच्या वसाहतीत राहायला जायचं म्हणून सगळ्यांची किंमत करून घेत होते. मी गेलो तेव्हा ते स्वयंपाकघरात बसले होते आणि तक्रार द्यायला तयार नव्हते.

"दस्ता कोणाकोणाच्या हातात गेला होता?" मी विचारलं.

"चहा घेणार?"

"कोणाच्या हातात?"

"दूध किती?"

तीन वेळा दुधाचं विचारून झाल्यावर त्यांनी नाव सांगितलं. दस्त्याला चीर गेली होती, आणि कधीकाळी कोणीतरी त्यावर काळं व्हार्निश फासून ठेवलं होतं, इतकं जाड की चकतीवरचा आकडाही दिसत नव्हता. ते काढायला आणि चीर सांधायला त्यांनी ओटाहुहुच्या एका मुलाकडे दस्ता दिला होता. 'मुलगा' म्हणजे अडतीस वर्षांचा इंजिनियर. दर शनिवारी तो त्यांच्याकडे यायचा. दोघं मिळून रायफली उघडायचे, तेल द्यायचे, पुन्हा बांधायचे.

"चांगला मुलगा आहे," ते म्हणाले. "म्हणजे, होता."

शेवटी नाइलाजाने त्यांनी तक्रारीवर सही केली. मी रायफल आणि पत्र ताब्यात घेतलं. इथे पंचनामा नसतो, पण लिहायला तेवढंच लागतं. भिंग लावून चकती बघितली. नऊ, शून्य, दोन. वहीत लिहिलं, खाली सही केली.

तो इंजिनियर मराठी निघाला. कोल्हापूरकडचा. माझी त्याची तोंडओळख होती. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मखर त्यानेच केलं होतं. नियमाप्रमाणे हे मी बॉसला सांगितलं. आमच्या बॉस म्हणजे एक सामोअन इन्स्पेक्टर बाई, आवाज असा की कैदी आपण होऊन रांगेत उभे राहायचे.

"किती ओळख?" त्यांनी विचारलं.

"त्याच्या घरचे मोदक खाल्लेत."

"मोदक म्हणजे?"

"उकडलेला गोड पदार्थ."

"किती खाल्लेस?"

"तीन."

"मग चालेल. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोल, मोकळा होईल."

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. आपल्याच माणसाची चौकशी आपल्याकडे आली की पोलीस मऊ होतो, असा लोकांचा समज आहे. माझं उलट झालं. 'आपला म्हणून सोडला' असं कोणी म्हणायला नको, म्हणून मी दुप्पट कडक झालो. समोरचा परका असता तर मी जास्त नीट ऐकलं असतं.

ओटाहुहुला त्याच्या गॅरेजची झडती घेतली. भिंतीवर ओळीने पटाशा, कानशी, जवसाच्या तेलाच्या बाटल्या. कोपऱ्यात अक्रोडाच्या लाकडाचे चार जुने दस्ते. चार! मी मनात म्हटलं, सापडला. त्या चारांवर चकती नव्हती, हे मी अहवालात दुसऱ्या पानावर लिहिलं.

"काका, चहा टाकू?" त्याने विचारलं.

"इथे काका नाही. सार्जंट," मी म्हणालो. तेव्हा मला ते वाक्य फार रुबाबदार वाटलं होतं.

त्याचं बंदुकीचं लायसन्स त्याच दिवशी स्थगित झालं. त्याची स्वतःची रायफल आणि फोन आम्ही जमा केले. दुसऱ्या दिवशी त्याला चौकशीच्या खोलीत बसवलं. इथे सगळं व्हिडिओवर चालतं. त्याला हक्क वाचून दाखवले, वकील हवा का विचारलं. तो म्हणाला, "वकील कशाला? मी काही केलेलंच नाही."

चौकशीचा एक जुना नियम आहे. हातातला पुरावा संशयिताला लगेच दाखवायचा नाही. आधी त्याला बोलू द्यायचं. मी तो नियम पाळला. चकतीचा फोटो माझ्या फाईलमध्ये होता आणि फाईल माझ्या कोपराखाली.

"नऊशे दोन नंबरचा दस्ता तुम्ही कुठून आणलात?"

"कुठला?"

"नऊशे दोन."

"नऊशे दोन नंबरचा दस्ता मी जन्मात पाहिलेला नाही."

"मग तुमच्याकडे कुठला होता?"

"एकशे दोन."

मी खुर्चीत सरळ झालो. पत्रातला आकडा आम्ही त्याला सांगितलाच नव्हता. तो फक्त मालकाला, व्हॅल्युअरला आणि मला माहीत होता. जी गोष्ट फक्त चोरालाच माहीत असणार ती संशयिताच्या तोंडून यावी, याहून मोठं सुख पोलिसाच्या आयुष्यात नाही. आवाज हळू करून मी विचारलं,

"म्हणजे एकशे दोन तुमच्याकडे होता, हे कबूल?"

"होताच. मीच साफ केला. चकतीसुद्धा मीच उघडी केली."

"आता कुठे आहे?"

"परत दिला की."

"परत दिला तो नऊशे दोन."

"नाही हो, एकशे दोनच दिला. नऊशे दोन तिथे असेल तर माझ्यानंतर कोणीतरी बदलला. काकांना विचारा. त्या काकांना म्हणतोय, तुम्हाला नाही. माझ्या फोनमध्ये फोटो आहेत, बघा."

"फोन तपासणीला गेलाय. नंबर लागायला तीन आठवडे."

असे आम्ही दोन तास बोललो. तो एकशे दोन म्हणायचा, मी नऊशे दोन म्हणायचो. बाहेर येऊन मी बॉसना सांगितलं, "अर्धी कबुली मिळाली." त्या म्हणाल्या, "अर्धी कशी असते?" मला तेव्हाच थांबायला हवं होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. चारच दिवसांनी त्याची बायको काउंटरवर आली. मंडळात भेटली की हसून बोलणारी मुलगी. तिने मला काका म्हटलं नाही, साहेबही म्हटलं नाही.

"आमची रेसिडेन्सीची फाईल इमिग्रेशनमध्ये आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं झाली इथे येऊन. चोरीचा चार्ज लागला तर कॅरॅक्टर चेकमध्ये फेल होऊ आम्ही, परत जावं लागेल. तुम्ही एकदा नीट बघा ना. हा माणूस दुकानात जास्त सुट्टे आले तर गाडी वळवून परत द्यायला जातो हो. मला उशीर होतो म्हणून मी भांडते त्याच्याशी."

मी सांगितलं की तपास चालू आहे. पोलिसाकडे दुसरं काही सांगायला नसलं की हेच वाक्य असतं.

म्हाताऱ्यांचाही फोन आला. "त्याला सांग, दस्ता परत दे. मी तक्रार मागे घेतो, काही विचारत नाही."

मी ते इंजिनियरला सांगितलं. तो म्हणाला, "सार्जंट, जो घेतलाच नाही तो कुठून देऊ?"

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला गोष्टीत थोडी सुधारणा करतो. एखादा तपशील वाढवतो, एखादा गाळतो. हा पहिल्या दिवसापासून तेच तीन शब्द, 'एकशे दोनच दिला', तसेच्या तसे म्हणत होता. आणि म्हातारेही खोटं बोलत नव्हते. दोन खरी माणसं आणि एक दस्ता. मध्ये खोटं कुठे होतं ते मला सापडत नव्हतं.

म्हणून चौदाव्या दिवशी, रविवारी, मी चकतीचा मोठा केलेला फोटो घरी आणला. हे नियमात बसत नाही. जेवणाच्या टेबलावर फळांच्या परडीला टेकवून ठेवला आणि हनुवटीला हात लावून बघत बसलो. समोर सासूबाई मटार सोलत होत्या. साताऱ्याच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवला आहे. तेव्हा त्या सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या होत्या, आणि इथली सगळी मुलं मराठी समजत असूनही इंग्रजीत का उत्तर देतात यावर रोज मला जाब विचारत होत्या.

"हा कसला बिल्ला, जावईबापू?"

"कामाचं आहे, आई."

"आमच्या शाळेच्या शिपायाचा असाच होता. त्याचा बावीस नंबर. ह्याचा एकशे दोन."

मी मान वर केली.

"काय म्हणालात?"

"एकशे दोन. का?"

"आई, तो नऊ आहे. नऊशे दोन."

त्यांनी मटाराची शेंग खाली ठेवली. चष्मा कपाळावर होता तो डोळ्यांवर घेतला. पण फोटो बघायला नाही. मला बघायला.

"नऊचं तोंड कुठल्या बाजूला असतं?"

मी छप्पन्न वर्षांचा माणूस, पोलीस सार्जंट. मी हवेत बोट फिरवून बघितलं.

"इंग्रजी नऊ म्हणतोय मी," मी म्हणालो.

"पण हे इंग्रजी आहे असं कोण म्हणालं?"

वाचकहो, चकतीवर हे होतं: १०२. आता एकदा इंग्रजी डोळे लावून बघा. शून्य तसंच, दोन जवळजवळ तसाच, आणि पहिला अंक चक्क नाइन. संस्थानाच्या कारागिराने चकतीवर आपल्या लिपीत आकडा कोरला होता. शस्त्रागाराच्या कारकुनाने तोच आकडा पत्रात इंग्रजीत टाइप केला होता. व्हॅल्युअरने नाइन वाचला, त्याचं काही चुकलं नाही. म्हाताऱ्यांनी त्याचं ऐकलं. आणि मी, पर्वतीच्या पायथ्याच्या शाळेत पाटीवर एक ते शंभर गिरवलेला माणूस, भिंग लावून बघितलं आणि फोनवर जे ऐकलं होतं तेच वाचलं. इंजिनियरने व्हार्निश काढल्यावर चकती पहिल्यांदा बघितली ती मात्र कोल्हापूरच्या डोळ्यांनी. त्याला एकशे दोन दिसला आणि त्यात त्याला काही विशेष वाटलं नाही. आणि चीर त्याने इतकी सफाईने सांधली होती की काळं व्हार्निश गेल्यावर लाकूडच वेगळं वाटत होतं. काम चांगलं केलं म्हणून तो चोर ठरला होता.

मी उठून बागेत गेलो. लिंबाला पाणी घालायची सवय त्या दिवसापासूनची.

सोमवारी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन चकती पुन्हा बघितली. आता त्यात नाइन दिसतच नव्हता, कितीही प्रयत्न केला तरी. फोन तपासणाऱ्यांच्या हातापाया पडून फोटो मिळवले. चीर असलेला, अर्धा साफ केलेला, पूर्ण झालेला, सगळे त्याच लाकडाचे. चौकशीच्या व्हिडिओचं भाषांतरही मलाच करावं लागलं, कारण स्टेशनात मराठी येणारा दुसरा कोणी नव्हता. दोन तासांचा माझा मूर्खपणा मी स्वतःच्या हाताने इंग्रजीत उतरवला. बॉसनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चष्मा पुसला, आणि एका जागी बोट ठेवून विचारलं, "इथे तू नऊशे दोन म्हणतोस तेव्हा हसतोयस का?"

"विजयाने," मी म्हणालो.

"ते कंसात लिही."

गुन्हा नव्हताच, तेव्हा तक्रार बंद झाली. लायसन्स परत मिळालं, फाईलवर काही डाग राहणार नाही असं पत्र बॉसनी स्वतः दिलं. त्याची रायफल आणि फोन घेऊन मी ओटाहुहुला गेलो. दार त्यानेच उघडलं.

"या, सार्जंट."

दारातच उभं राहून मी सगळं सांगितलं. त्याने रायफल आणि फोन माझ्या हातातून घेतले.

"दोन तास मी एकशे दोन म्हणत होतो," तो म्हणाला.

"हो."

"मराठीत."

"हो."

"आणि तुम्ही मराठीत ऐकत होतात."

आतून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती ते कळेना, बहुतेक दोन्ही. मी माफी मागितली. त्याने मान हलवली, पण चहाचं विचारलं नाही. मला ते योग्यच वाटलं.

या केसने मला काय शिकवलं? नोकरीत मी हजार वेळा नव्या पोरांना सांगायचो की साक्षीदार काय बघतो ते नाही, काय ऐकून आलाय ते सांगतो. ते साक्षीदाराबद्दलच खरं आहे, असा माझा समज होता. आणि दुसरं: दोन माणसं एकाच गोष्टीबद्दल उलटसुलट सांगत असतील तर त्यातला एक खोटारडा असतोच असं नाही. कधी कधी तिसरा, वही घेऊन मध्ये बसलेला, तोच घोटाळा असतो.

पण गोष्ट इथे संपली नाही. रायफल परत द्यायला मी पुकेकोहेला गेलो तेव्हा सासूबाई सोबत आल्या. ज्या बिल्ल्याने एवढं रामायण केलं तो त्यांना हातात घेऊन बघायचा होता. व्हॅल्युअरही आला होता, कारण त्याला आता किंमत नव्याने लिहायची होती. मागोमाग इंजिनियर आला. म्हातारे दारात उभे होते. मला वाटलं, आता काही बोलतील. ते आत गेले, एक दुसरीच रायफल घेऊन आले आणि त्याच्या हातात दिली.

"हिच्याही दस्त्याला चीर आहे," ते म्हणाले. "तुला वेळ असेल तर."

त्याने लाकडावरून अंगठा फिरवला. "सॅटर्डे?"

"सॅटर्डे."

"स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत, झकास.

माफी मागण्याची आणि देण्याची ही पद्धत मला पोलीस ट्रेनिंगमध्ये कोणी शिकवली नव्हती.

सासूबाईंनी चकती जवळून बघितली आणि नाक मुरडलं. "केवढी काळी पडलीय. चिंच लावून घासली तर सोन्यासारखी निघेल."

"काय म्हणतायत त्या?" म्हाताऱ्यांनी घाईने विचारलं.

पितळेवरचा तो काळा थर गेला की अर्धी किंमत गेली, हे आता मलाही माहीत होतं. पण उत्तर इंजिनियरने दिलं. "त्या म्हणतायत, फार सुंदर आहे. जशी आहे तशीच ठेवा."

म्हातारे सासूबाईंपुढे आदराने वाकले. सासूबाईंनी त्यांना चिंच कुठे मिळते ते मराठीत सांगितलं.

व्हॅल्युअर टेबलाशी कागद लिहीत होता. नंबर जुळले, लाकूड मूळचं, पत्र मूळचं. आणि चकतीवर स्थानिक लिपीतला आकडा, म्हणून किंमत पहिल्या अंदाजाच्याही वर गेली. लिहिता लिहिता तो थांबला. "हा आकडा एकशे दोनच आहे, असं ही लिपी जाणणाऱ्या कोणीतरी प्रमाणित करायला हवं. खाली सही लागेल."

इंजिनियरने माझ्याकडे बघितलं. त्याच्या डोळ्यांत मिश्कील काहीतरी होतं.

"काका, तुमची चालेल ना?"

काका! मला इतका आनंद झाला की मी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि गणवेशातल्या सार्जंटला शोभेल अशा थाटात कागदावर वाकलो.

म्हाताऱ्यांनी कागदावर पंजा ठेवला.

"ह्याची नको," ते व्हॅल्युअरला म्हणाले. "ज्यांना वाचता येतं, त्या बाईंची घे."